मीटर म्हणतो ठीक, गाणं मात्र बंद

गाणं सुरू होतं, मुखडा छान वाजतो आणि ढोलाचा पहिला जोरकस ठोका पडला की सगळं एकदम चिडीचूप. दोन सेकंदांनी आवाज परत येतो. पुढच्या ठोक्याला पुन्हा तेच. माझ्या गाडीत हा लपंडाव महिनाभर चालला. डिकीतल्या ॲम्प्लिफायरच्या टोकांवर मल्टिमीटर लावला, तर 12.6 व्होल्ट. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी स्वस्थ बसलेली असताना एवढाच दाब दाखवते. फ्यूज शाबूत. अर्थची, म्हणजे ॲम्प्लिफायरचा मायनस गाडीच्या पत्र्याला जोडणारी वायर कंटिन्युइटीवर (वाट सलग आहे की तुटलेली, ते सांगणाऱ्या रेंजवर) तपासली, तर मीटरनं लगेच ‘पीं’ करून होकार भरला. म्हणजे वायरिंग ठीक, ॲम्प्लिफायर गेला, असं ठरवून मी नवा घ्यायला निघालोच होतो.

मीटर खोटं बोलत नव्हता, मी त्याला भलत्या वेळी विचारत होतो. कंटिन्युइटी तपासताना मीटर वायरीतून जेमतेम मिलिॲम्पिअरभर प्रवाह सोडतो. वीस तारांच्या वायरीतल्या एकोणीस तुटल्या असतील, तरी उरलेल्या एकीतून तेवढा प्रवाह आरामात जातो आणि मीटर पीं करतो. ॲम्प्लिफायरची भूक वेगळीच असते. स्पीकरना 250 वॉट द्यायचे आणि ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर त्याला सुमारे 415 वॉट लागतात, म्हणजे इंजिन सुरू असतानाच्या 13.8 व्होल्टला जवळजवळ 30 ॲम्पिअर. मुंगी गेली म्हणून त्या वाटेनं हत्ती जाईलच असं नाही.

तेव्हा मोजायचं ते गाणं वाजत असताना. खरं तर गाणंही नको, कारण ठोक्यागणिक आकडे नाचतात आणि मीटरला ते पकडता येत नाहीत. मोबाइलवरून 50 हर्ट्झचा एकसुरी घुमारा लावला की प्रवाह स्थिर राहतो. इंजिन सुरू केलं, आवाज मध्यम ठेवला. क्लॅम्पमीटर, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा मीटर, 20 ॲम्पिअर दाखवत होता. आधी बॅटरीच्या प्लसपासून ॲम्प्लिफायरच्या प्लसपर्यंत मोजलं : 0.4 व्होल्ट. लांब वायरीच्या मानानं ठीक. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं ॲम्प्लिफायरच्या अर्थवर. दोन्ही ‘शून्य’च म्हणायचे, मग फरक कसला असणार? मीटरनं 2 व्होल्ट दाखवले.

ओमचा नियम लावा. 2 व्होल्ट भागिले 20 ॲम्पिअर, म्हणजे 0.1 ओम. एवढासा रोध साध्या मीटरला ओमच्या रेंजवर कळत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रोध 0.2 ते 0.3 ओम भरतो. पण 20 चा वर्ग गुणिले 0.1 म्हणजे 40 वॉट, आणि ते सगळे एका बोल्टाखाली जळत होते. सोल्डरिंगच्या इस्त्रीएवढी उष्णता! बोल्टाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. हे आधी केलं असतं तर मीटरही लागला नसता.

लपंडावाचा उलगडा इथेच झाला. जोरदार ठोक्याला प्रवाह 30 ॲम्पिअरवर जातो, अर्थच्या जोडात 3 व्होल्ट गडप होतात, प्लसच्या वायरीत आणखी 0.6. बॅटरीपाशी 13.5 असले, तरी ॲम्प्लिफायरच्या वाट्याला दहाही उरत नाहीत. असे बरेच ॲम्प्लिफायर दहा व्होल्टच्या आसपास स्वतःहून बंद होतात. बंद झाला की प्रवाह थांबतो, प्रवाह थांबला की दाब पूर्ववत, आणि स्वारी पुन्हा हजर.

बोल्ट काढला, तर खाली गाडीचा रंग तसाच होता. गाडीत मायनसची वेगळी वायर बॅटरीपर्यंत सहसा नेत नाहीत. गाडीचा पत्राच परतीची वाट असतो. रंग मात्र वीज वाहत नाही, त्यामुळे सगळा प्रवाह बोल्टाच्या आट्यांमधून कसाबसा चालला होता. रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर घातला, गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस लावलं. तोच घुमारा, तोच आवाज, आणि मीटरवर 0.05 व्होल्ट.

फ्यूज वारंवार जात असेल, तर मोठा फ्यूज घालून प्रश्न सुटत नाही. फ्यूज असतो वायरीच्या रक्षणासाठी. तो वायरीच्या कुवतीपेक्षा मोठा झाला, की शॉर्ट झाल्यावर फ्यूजऐवजी वायर जळते. ॲम्प्लिफायरच्या वायरीवरचा मुख्य फ्यूज बॅटरीच्या शेजारी असावा लागतो तोही म्हणूनच, नाहीतर अलीकडचा सगळा तुकडा उघडा पडतो.

एकच स्पीकर मुका असेल, तर स्टिरिओमागे डाव्या-उजव्या जोड्यांची अदलाबदल करा. तोच स्पीकर मुका राहिला, तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या वायरीत. मुकेपणा दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष स्टिरिओत. चार ओमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेतीन दाखवतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दाराची वायर बहुतेक वेळा बिजागरीजवळच्या रबरी नळीत तुटते. दार उघडताना आवाज जातो आणि लावताना येतो, एवढं कळलं तरी पुरे. एक मात्र जपा : स्पीकरची मायनस वायर पत्र्याला टेकवू नका. आजच्या बहुतेक स्टिरिओंत ती अर्थ नसते, दोन्ही वायरींवर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे सहा-सात व्होल्ट दाब असतो. ती टेकवली की आतल्या आयसीवर संक्रांत.

आता ती प्रसिद्ध शिट्टी. इंजिन सुरू होताच स्पीकरमधून बारीक ‘ऊंऽऽ’ येतं आणि ॲक्सिलरेटर दाबला की त्याचा सूर चढतो. हा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा आवाज. तो तीन फेजची वीज तयार करतो, सहा डायोड तिला एकाच दिशेनं वळवतात, पण ती पूर्ण सपाट होत नाही, दर आवर्तनात सहा उंचवटे राहून जातात. इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल आणि पुलीमुळे अल्टरनेटर अडीचपट वेगानं फिरत असेल, तर त्याचे सेकंदाला 33 फेरे होतात. बारा ध्रुवांच्या अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्यात सहा आवर्तनं, म्हणजे सेकंदाला 200, आणि प्रत्येकात सहा उंचवटे : 1200 हर्ट्झ. इंजिन 2000 वर नेलं की हेच 3000 हर्ट्झ होतं, आणि माणसाचा कान याच पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. शिट्टीचा त्रास इतका का होतो, ते यावरून कळतं.

ही शिट्टी व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल, तर ती व्हॉल्यूमच्या बटणाआधी कुठेतरी शिरते. मोबाइल चार्जरला आणि ऑक्स वायरीला एकाच वेळी जोडला, की हे हमखास होतं. चार्जर काढला की शांत. व्हॉल्यूम शून्यावर असूनही ती तशीच राहिली, तर ती स्टिरिओ आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये घुसते आहे. स्टिरिओचा अर्थ पुढे, ॲम्प्लिफायरचा मागे, आणि मधल्या पत्र्यातून सगळ्या गाडीची वीज वाहते, त्यामुळे या दोन ‘शून्यां’मध्ये काही मिलिव्होल्टचा फरक पडतोच. स्टिरिओकडून ॲम्प्लिफायरकडे गाणं नेणाऱ्या सिग्नलच्या वायरीवर तारांची जाळी असते, ती या दोन टोकांना जोडते आणि तो फरक गाण्यात मिसळतो. ॲम्प्लिफायरचा अर्थ कच्चा असेल, तर त्याचा थोडा परतीचा प्रवाहही याच नाजूक जाळीतून वाट काढतो, आणि मिलिव्होल्टांचं प्रकरण पुष्कळ वाढतं.

माझ्याही गाडीत अशी शिट्टी होती. तो मी वेगळाच बिघाड समजत होतो आणि त्यासाठी असा आवाज गाळणारा फिल्टर आणून ठेवला होता. बोल्ट घासल्यावर तीन-चार दिवसांनी तो बसवायला घेतला, इंजिन सुरू केलं, शिट्टी कुठून येते ते ऐकायला कान लावला. शिट्टी नव्हतीच. फिल्टर अजून खोक्यात आहे.