हृदयरुग्ण कुत्र्याचा खोकला आणि धाप

हृदय निकामी होऊ लागलेल्या कुत्र्याची काळजी घेणाऱ्या घरांत एक समजूत पक्की रुजलेली आढळते : कुत्रा खोकला म्हणजे फुप्फुसांत पाणी झाले आणि खोकला थांबला म्हणजे पाणी उतरले. या समजुतीमुळे प्रत्येक उबळीला लघवीची (शरीरातले जादा पाणी लघवीवाटे काढणारी) गोळी परस्पर वाढवली जाते, आणि खोकला नाही म्हणून खरी धाप नजरेतून निसटते. यातली दुसरी चूक जिवावर बेतू शकते.

खोकला सर्वांच्या परिचयाचा आहे. पॉमेरेनियन, डॅशहंड यांसारख्या लहान चणीच्या कुत्र्यांत वयोमानाने हृदयाची मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) गळू लागते, डावा कर्णिका-कप्पा (त्यांतला वरचा) फुगतो आणि लगतच्या श्वासनलिकेच्या शाखेवर दाब येतो. याच जातींत, याच वयात, मुख्य श्वासनलिका मऊ पडून चपटी होण्याचा विकारही आढळतो. त्यामुळे उत्साहाच्या भरात किंवा गळपट्टा ओढला गेल्यावर कोरडी ढास लागते आणि फुप्फुसे पूर्ण कोरडी असतानाही ती महिनोन्‌महिने टिकू शकते. मऊ पडलेल्या श्वासनलिकेची ढास लघवीच्या गोळीने जात नाही. उलट फ्युरोसेमाइडची, म्हणजे या लघवीच्या गोळीतील औषधाची, मात्रा विनाकारण वाढवल्यास शरीर कोरडे पडते, पोटॅशियम घटते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

धापेचे कारण निराळे आहे. हृदयाची डावी बाजू रक्त पुढे ढकलण्यात कमी पडली की फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांमधला दाब वाढतो, त्यांतून द्रव पाझरतो आणि प्राणवायू शोषण्यास जागा अपुरी पडते. ही उणीव भरून काढण्यासाठी कुत्रा भराभर श्वास घेऊ लागतो आणि झोपेतही त्याची ही घाई थांबत नाही. म्हणूनच झोपेतील श्वासांचा वेग हे घरच्या घरी पाहता येणारे सर्वांत विश्वासार्ह लक्षण आहे, असे मी ठामपणे म्हणेन. छाती एकदा वर आणि एकदा खाली गेली की एक श्वास धरावा, 30 सेकंद श्वास मोजून ती संख्या दुप्पट करावी. कुत्रा गाढ झोपलेला असावा. स्वप्नात पाय हलत असतील किंवा उकाड्याने जीभ बाहेर काढून तो लाहालाहा करीत असेल, तर ते मोजणे व्यर्थ आहे. औषधांनी स्थिरावलेल्या कुत्र्याचा आकडा बहुधा मिनिटाला 30 च्या आत असतो. तो एरवीपेक्षा ठळकपणे वाढला किंवा पुन्हा मोजूनही 30 च्या वर राहिला, तर खोकल्याचा मागमूस नसला तरी त्याच दिवशी पशुवैद्यांशी बोलावे. पोट आत ओढून श्वास घेणे, मान ताणून बसणे, आडवे होण्यास नकार देणे किंवा हिरड्या निळसर होणे ही तातडीची चिन्हे आहेत. तेव्हा मोजत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. फुप्फुसे फार भरली असता खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो, त्यालाही हाच नियम लागू आहे.

रात्रीचा खोकला की दिवसाचा, यावरून निदान करू पाहणाऱ्यांनी तो नाद सोडावा. श्वासनलिकेची ढास असो वा फुप्फुसांतले पाणी, खोकला दोन्ही वेळी आढळतो.

माणसांचे खोकल्याचे औषध या कुत्र्यांना पाजण्याची सवय मला मुळीच मान्य नाही. त्यातील नाक मोकळे करणारे घटक हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवू शकतात. तितकीच घातक आहे पाणी तोडण्याची सवय : लघवीच्या गोळीवर असलेल्या कुत्र्याला तहान लागणारच आणि पाण्याचे भांडे सदैव भरलेले हवे. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरल्यास ढास पुष्कळदा कमी होते.

कुत्रा बरा असतानाचे आकडे रोज वहीत लिहिलेले असावेत, कारण बिघाडाच्या दिवशी तुलनेला तेच लागतात. लघवीची जादा गोळी कोणत्या आकड्याला द्यायची आणि किती, हे पशुवैद्यांकडून आधीच लिहून घ्यावे. खोकल्यावरून ती मात्रा कधीही ठरवू नये.