विजोड वेस्टकोट

विजोड वेस्टकोट : सुटाचा कोट व विजार एकाच कापडाची असताना त्यांच्याबरोबर मुद्दाम वेगळ्या रंगाचा, विणीचा किंवा नक्षीचा वेस्टकोट (शर्टावर व कोटाखाली घालावयाचा बिनबाह्यांचा कपडा) घालण्याची पाश्चात्त्य पुरुषवेशातील प्रथा, तसेच असा वेस्टकोट. इंग्रज शिंपी त्याला ‘ऑड वेस्टकोट’ म्हणतात. येथे ‘ऑड’ म्हणजे विचित्र नव्हे, तर जोडीबाहेरचा. ‘विजोड’ या मराठी शब्दाला चिकटलेली नापसंतीची छटा बाजूला ठेवली, तर तो या अर्थाच्या बराच जवळ जातो. तिन्ही कपडे एकाच ताग्यातले असणाऱ्या सुटाला एकोणिसाव्या शतकात ‘डिट्टोज’ असे नाव होते. विजोड वेस्टकोट हा त्या नियमाला पडलेला अपवाद, अशी आजची सर्वसाधारण समजूत आहे. ऐतिहासिक क्रम मात्र उलटा आहे : वेगळेपण हीच आधीची रीत होती, आणि एकजिनसी सूट रूढ झाल्यावर तिला अपवादाचे स्थान मिळाले.

शब्दांचा घोळ थोडा आहे. ब्रिटनमध्ये ‘वेस्टकोट’ (जुना उच्चार ‘वेस्किट’) म्हणतात, त्यालाच अमेरिकेत ‘व्हेस्ट’ म्हणतात. ब्रिटनमध्ये मात्र ‘व्हेस्ट’ म्हणजे आपले बनियन. फ्रेंच ‘जिले’ हा शब्द स्पॅनिश व अरबी मार्गाने तुर्की ‘येलेक’पासून आल्याचे सामान्यतः मानले जाते. मराठीत बिनबाह्यांच्या अशा कपड्याला ‘जाकीट’ म्हणण्याची पद्धत आहे. परंतु ते सदऱ्यावर सर्वांत बाहेरून घातले जाते, कोटाखाली नव्हे, म्हणून या नोंदीत ‘वेस्टकोट’ हाच शब्द वापरला आहे.

उगम : वेस्टकोटाच्या उगमाविषयी एकमत नाही. हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आढळतो, पण तेव्हा तो डब्लेट या घट्ट, आखूड अंगरख्याखाली उबेसाठी घालावयाच्या कपड्याला लावला जाई. कोटाखाली, दिसावा म्हणून घातलेल्या वेस्टकोटाची सुरुवात परंपरेने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या दरबारात मानली जाते आणि तिच्यासाठी दोन रोजनिश्यांचा आधार दिला जातो. सॅम्युएल पेपीसने ८ ऑक्टोबर १६६६ रोजी नोंदविले आहे, की राजाने आदल्या दिवशी मंत्रिमंडळात पोशाखाची नवी तऱ्हा सुरू करण्याचा व ती कधीही न बदलण्याचा निश्चय जाहीर केला. ती ‘व्हेस्ट’ असेल आणि तिच्यामुळे सरदारवर्गाला काटकसर शिकता येईल. १५ ऑक्टोबरच्या नोंदीत राजाने त्या दिवशी व्हेस्ट घालण्यास सुरुवात केल्याचे सांगून तिचे वर्णन येते : अंगाला घट्ट बसणारा, काळ्या कापडाचा लांब झगा, कापडाला पाडलेल्या चिरांतून खालचे पांढरे रेशीम दिसणारा, आणि त्यावर कोट. जॉन एव्हेलिनने मात्र राजाने हा वेश समारंभपूर्वक प्रथमच धारण केल्याची नोंद १८ ऑक्टोबरला केली असून त्याला ‘पर्शियन धर्तीचा’ म्हटले आहे. तीन दिवसांच्या या तफावतीचा फार अर्थ लावण्याचे कारण दिसत नाही. पेपीस पहिल्या दिवसाविषयी लिहितो आणि एव्हेलिन औपचारिक प्रसंगाविषयी, असे मानणे पुरेसे आहे.

एव्हेलिनच्या ‘पर्शियन’ या शब्दावर पुढे बरीच इमारत उभी राहिली. पर्शियाच्या शाहचा दूत म्हणून युरोपात वावरलेल्या रॉबर्ट शर्लीचे पर्शियन वेशातील चित्र चित्रकार व्हॅन डाइकने १६२२ मध्ये रोममध्ये काढले होते, त्यामुळे असा पोशाख इंग्रज उच्चवर्गाला अगदी अपरिचित नव्हता. तथापि पर्शियन वस्त्र आणि राजाची व्हेस्ट यांच्या बेतण्यात थेट दुवा दाखविता येत नाही. वेशेतिहासकार डायना डी मार्ली यांनी १९७४ मध्ये या वेशाचे मूळ इंग्रजी रंगभूमीवरील पोशाखात शोधले. पौर्वात्य पात्रांना नाटकात दिली जाणारी व्हेस्ट राजाने दरबारात आणली, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. डेव्हिड कुक्टा यांनी आकारापेक्षा हेतूकडे लक्ष वेधले. त्यांच्या मते या बदलाचे महत्त्व फ्रेंच चैनीच्या विरोधात उभ्या केलेल्या साध्या, काटकसरी पुरुषत्वाच्या कल्पनेत आहे. १६६६ च्या आरंभी फ्रान्सशी युद्ध जाहीर झाले होते आणि सप्टेंबरमध्ये लंडन जळाले होते, हे लक्षात घेतल्यास काटकसरीची भाषा अकारण नव्हती. चौथा विचार असा, की गुडघ्यापर्यंतचा कोट, त्याखाली दुसरा लांब कपडा आणि चोळणा ही रचना त्या दशकात फ्रान्समध्येही आकार घेत होती व चार्ल्सने तिला केवळ राजाज्ञेचे रूप दिले. राजाची व्हेस्ट त्याच रूपात फार वर्षे टिकली नाही आणि इंग्रज दरबार लवकरच फ्रेंच वळणावर परतला, तरी कोट, वेस्टकोट व चोळणा ही त्रयी टिकून राहिली. ही गोष्ट चौथ्या विचाराला अधिक अनुकूल आहे. खुद्द एव्हेलिननेही ३० ऑक्टोबरलाच हा वेश ‘टिकण्यास फारच चांगला’ असल्याची शंका व्यक्त केली होती.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पेपीसची १७ ऑक्टोबरची नोंद विशेष लक्षणीय आहे. काळ्यावर पांढऱ्याच्या चिरांमुळे दरबारी मंडळी मॅगपाय या काळ्यापांढऱ्या पक्ष्यासारखी दिसतात असे राजाचे मत पडले आणि त्याने स्वतःसाठी साध्या मखमलीची व्हेस्ट करावयास सांगितली, असे त्याने ऐकले होते. म्हणजे वेस्टकोटातील रंगविरोध किती असावा, हा वाद वेस्टकोटाइतकाच जुना आहे.

अठरावे शतक : या शतकात वेस्टकोट हा पुरुषवेशातील सर्वांत खर्चिक व सर्वांत भडक भाग झाला. आरंभी तो जवळजवळ कोटाइतकाच लांब व बहुधा बाह्यांचा असे; शतकभर तो आखूड होत गेला आणि १७९० च्या सुमारास कमरेशी सरळ कापला जाऊ लागला. फ्रान्समधील लिओंसारख्या रेशीमकामाच्या केंद्रांत वेस्टकोटाचे दोन पुढचे भाग, खिशांची झाकणे आणि बटणांवर चढवावयाचे तुकडे एकाच रेशमी पटावर भरतकामासह तयार करून न कापता विकले जात. गिऱ्हाईक ते आपल्या शिंप्याकडून अंगाबरोबर बेतून घेई. कोटाखाली न दिसणाऱ्या पाठीला साधे सुती किंवा लिनन कापड लावीत. पुढून रेशीम व मागून अस्तराचे कापड ही आजच्या वेस्टकोटाची घडण याच काटकसरीतून आली आहे. वेस्टकोट वेगळ्या कापडाचा असणे तेव्हा इतके स्वाभाविक होते, की त्याला वेगळे नाव देण्याची गरज कोणाला भासली नाही.

शतकाच्या उत्तरार्धात निळा कोट आणि पिवळसर वेस्टकोट ही जोडी विशेष गाजली. जर्मन लेखक ग्योटेच्या १७७४ मधील कादंबरीचा नायक वेर्थर याचा हाच वेश असून त्याचे अनुकरण झाले. इंग्लंडमध्ये निळा व ‘बफ’ हे राजकारणी चार्ल्स जेम्स फॉक्सच्या व्हिग या राजकीय गटाचे रंग ठरले; त्यांचा संबंध अमेरिकी बंडखोर सैन्याच्या गणवेशाशी जोडण्यात येतो. ‘बफ’ हे नाव कमावलेल्या कातड्याच्या फिकट पिवळसर रंगावरून आले आहे आणि त्यामागचा फ्रेंच शब्द ‘ब्यूफ्ल’ म्हणजे रानटी बैल वा म्हैस. लंडनमध्ये पुरुषवेशाचा आदर्श मानला गेलेल्या बो ब्रमेल (१७७८–१८४०) याने भरतकाम टाकून दिले, पण रंगभेद टाकला नाही : दिवसा निळा कोट आणि फिकट वेस्टकोट हीच त्याची रीत होती. त्यानंतरच्या पिढीत, १८२० ते १८४० च्या दरम्यान, एकावर एक दोन वेस्टकोट घालून आतल्याची केवळ कड दाखविण्याची टूम निघाली. सकाळच्या औपचारिक वेशातील वेस्टकोटाच्या गळ्याशी आजही पांढऱ्या कापडाची बटणांनी लावावयाची जी पट्टी कधीकधी दिसते, ती या आतल्या वेस्टकोटाचाच अवशेष होय.

एकजिनसी सूट व नंतर : एकाच कापडाचा ‘लाउंज सूट’ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर अनौपचारिक वेश म्हणून पुढे आला व विसाव्या शतकात कामकाजाचा सर्वसाधारण वेश बनला. वेगळा वेस्टकोट त्यानंतर मुख्यतः तीन ठिकाणी उरला. पहिले ठिकाण औपचारिक वेश. संध्याकाळच्या काळ्या शेपटीच्या कोटाबरोबर पांढरा व काळा असे दोन्ही वेस्टकोट पूर्वी चालत. पुढे पांढरा मार्सेला या उठावदार विणीच्या सुती कापडाचा वेस्टकोट सक्तीचा झाला आणि काळा वेस्टकोट वाढप्यांच्या वेशाकडे गेला. सकाळच्या वेशात पारवा, बफ किंवा फिकट निळा वेस्टकोट रूढ आहे. रॉयल अ‍ॅस्कटच्या (इंग्लंडमधील घोड्यांच्या शर्यतींच्या) शाही विभागात पुरुषांना या वेशाबरोबर वेस्टकोट अनिवार्य आहे. दुसरे ठिकाण ग्रामीण व घोड्यांशी निगडित वेश. रिचर्ड टॅटरसॉलने १७६६ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या घोडेबाजारातील झुलींच्या चौकडीवरून ‘टॅटरसॉल’ चौकडी हे नाव पडले, आणि ती चौकडी वेस्टकोटाची म्हणून आजही ओळखली जाते. तिसरे ठिकाण विशेष अधिकाराचे : इंग्लंडमधील ईटन शाळेतील ‘पॉप’ या निवडक विद्यार्थिमंडळाच्या सदस्यांना आपल्या पसंतीचा रंगीत वेस्टकोट घालण्याची मुभा असते.

सर्वांत खालचे बटण न लावण्याच्या रिवाजाचे जनकत्व इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्याकडे, किंबहुना त्याच्या वाढत्या पोटाकडे, दिले जाते. कथा रंजक असली तरी समकालीन पुरावा क्षीण आहे. घोड्यावर बसताना खालची टोके मोकळी राहावीत ही गरज हे अधिक साधे स्पष्टीकरण आहे.

दुसऱ्या महायुद्धाने वेस्टकोटाला मोठा धक्का दिला. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले, तेव्हा वर्षाला ६६ कूपने मिळत व लोकरी कोटाला १३, विजारीला ८ आणि वेस्टकोटाला ५ कूपने लागत. तेवढ्याच कूपनांत मिळणारा विणलेला पुलओव्हर अधिक उबदार होता. युद्धानंतर लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या रस्त्यावरील काही शिंप्यांनी एडवर्डकालीन वळणाचे सूट व नक्षीदार वेस्टकोट पुन्हा आणले. ते १९५० नंतर लंडनच्या कामगार वस्तीतील ‘टेडी बॉइज’ तरुणांनी उचलले, आणि ज्यांच्यासाठी ते शिवले होते त्या वर्गाने ते सोडून दिले.

बेतणी व निवड : सुटाच्या वेस्टकोटाला बहुधा कॉलर नसते, विजोड वेस्टकोटाला मात्र कॉलर-लॅपल किंवा डबल ब्रेस्टेड बटणपट्टी ठेवण्याकडे कल असतो, कारण त्यामुळे तो हरवलेल्या भागाची भरपाई म्हणून नव्हे तर जाणून घातला आहे हे उघड होते. याच कारणासाठी सुटाच्या रंगाच्या अगदी जवळचा, पण न जुळणारा रंग सर्वांत वाईट मानतात. वेस्टकोट सुटापेक्षा फिकट असावा, आणि सूट नक्षीचा असल्यास वेस्टकोट सपाट असावा, हे सर्वसाधारण संकेत आहेत. पट्टेदार सुटावर चौकडीचा वेस्टकोट जाणकारांनीही सहसा घातलेला दिसत नाही. कापडात फ्लॅनेल, डोस्किन (मऊ, गुळगुळीत लोकरी कापड), मोलस्किन (जाड सुती कापड) व उन्हाळ्यात लिनन ही नावे नेहमी येतात. विजार कमरेवर उंच बसणारी व शक्यतो गॅलिसने पेललेली हवी. ती खाली घसरली, तर वेस्टकोटाखाली शर्टाची पट्टी दिसते, आणि वेस्टकोट फिकट असल्यास ती अधिकच नजरेत भरते. पाठीवरच्या बक्कलाचा उपयोग कापड किंचित आवळण्यापुरता आहे, चुकलेले माप दुरुस्त करण्यासाठी नाही.

भारतात पाश्चात्त्य सुटाबरोबर वेस्टकोट आला, परंतु उष्ण हवेमुळे कोटाखालचा तिसरा थर म्हणून तो मर्यादित वर्गातच राहिला. महाराष्ट्रात पांढऱ्या सदऱ्यावर घातले जाणारे काळे किंवा रंगीत जाकीट हे रंगविरोधाच्या दृष्टीने त्याचे जवळचे नातेवाईक ठरते; मात्र त्याची परंपरा सुटाची नसून सदरा-धोतराची आहे.