मेकॉलेचं ते भाषण झालंच नव्हतं

'मी भारतभर फिरलो, पण एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही,' असं मेकॉले २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत म्हणाला, हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. पण त्या दिवशी साहेब लंडनमध्ये नव्हताच! तो होता कलकत्त्यात, गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सभासद म्हणून. विलायत गाठायला तेव्हा जहाजाने काही महिने लागत.

त्या तारखेचं खरं आहे ते त्याचं शिक्षणाविषयीचं टिपण. त्यात स्तुती कुठली? चांगल्या युरोपीय ग्रंथालयातली एक फळी भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीची, असा शेरा मात्र आहे. आणि आपल्याला संस्कृत किंवा अरबी येत नाही, ही कबुलीही त्याच टिपणात आहे.