फोम चिकटवला तरी बेस का घुमतो?

घरच्या खोलीत रेकॉर्डिंग करायचं ठरलं की पहिली खरेदी बहुतेक वेळा ते काळे टोकदार फोमचे चौकोन, इंचभर जाडीचे, भिंतीला चिकटवले की टाळी वाजवून बघायची, आधीचा टणटण आवाज गेला म्हणजे काम झालं असं वाटतं. मग रेकॉर्ड केलेलं ऐकलं की कळतं, आवाजाची वरची चमक गेली आणि खालचा बेस होता तस्साच घुमतोय. दोष सगळा अपुऱ्या जाडीचा आहे.

आवाज म्हणजे हवेची मागेपुढे हालचाल. फोम, रॉकवूल (दगडाची लोकर), ग्लासवूल (काचेची लोकर), जाड गोधडी, सगळ्यांचं तंत्र एकच, हवा बारीक छिद्रांतून ये-जा करते, घासली जाते आणि आवाजाची ऊर्जा किंचित उष्णतेत जाते. पण भिंतीला अगदी लागून असलेल्या हवेला हलायला जागाच नसते ना! हवा सगळ्यात जोरात हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे १००० हर्ट्झच्या उंच सुराला हे अंतर साडेआठ सेंटीमीटर आणि १०० हर्ट्झच्या बेसला तब्बल ८६ सेंटीमीटर. इंचभर फोम तिथवर पोचणार कसा?

अर्थात ८६ सेंटीमीटर जाड काही लावावं लागत नाही, १० सेंटीमीटर रॉकवूलचं पॅनल आणि मागे तेवढीच मोकळी जागा ठेवली तरी बराच फरक पडतो, आणि ती मोकळी जागा फुकट मिळते, तरी लोक पॅनल भिंतीला घट्ट चिकटवतात. माझं मत विचाराल तर दहा पातळ पॅनलपेक्षा चार जाड घ्या आणि आधी कोपऱ्यात उभी करा, कारण बेसचा दाब कोपऱ्यातच साठतो. ३ मीटर लांबीच्या खोलीत ५७ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून फुगतो, लहान खोल्यांचं खरं दुखणं हेच. उरलेली पॅनल्स बाजूच्या भिंतीवर, मित्राला भिंतीवर आरसा सरकवायला सांगा, बसल्या जागेवरून आरशात स्पीकर दिसला की तिथे एक, कारण स्पीकरचा आवाज तिथूनच आपटून कानात येतो.

घेताना पाकिटावर एनआरसी नावाचा, मटेरियल किती आवाज शोषतं ते सांगणारा आकडा असतो, ०.८ वगैरे बघून लोक खूश होतात. तो आकडा २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या चारांची सरासरी आहे, म्हणजे त्रास देणारा बेस त्यात मोजलेलाच नाही! १२५ हर्ट्झचा वेगळा आकडा मागा, विकणारा देत नसेल तर काय ते समजून घ्या. आणि जितकं घट्ट दाबलेलं मटेरियल तितकं चांगलं हेही खरं नाही, खूप जाड पॅनलसाठी उलट हलकं, सैल लोकर बरी, फार घट्ट असलं की हवा आत शिरायच्या आधीच परत फिरते. वरचं कापड निवडताना तोंडाला लावून फुंकर मारा, हवा आरपार गेली की चालेल. लोकर कापताना मास्क, हातमोजे हवेतच. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावायचं विसरा, पातळ पुठ्ठा तो, बेसला काही करत नाही आणि पेट पटकन घेतो.

आगीचा विषय निघालाच तर, २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या स्टेशन नाइटक्लबमध्ये भिंतींवरच्या फोमनं पेट घेतला आणि १०० माणसं गेली. साधा पॅकिंगचा फोम स्वस्त मिळतो म्हणून लावू नका, आगरोधक आहे का ते कागदावर बघा. रॉकवूल या बाबतीत निर्धास्त, ते दगड वितळवूनच बनवतात.

आणि हो, शेजाऱ्यांचा आवाज येतोय म्हणून यातलं काहीही घेऊ नका. ही मटेरियल्स खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषतात, बाहेरचा अडवायला वजनदार भिंत लागते आणि फटी बुजवाव्या लागतात, सगळ्यात आधी दाराखालची.