औषधांना न जुमानणारे जंतू आणि नाओमी दत्ता: एका संशोधनाची पार्श्वभूमी

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंची चर्चा निघाली की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकच क्रम येतो. औषध दिले, बहुतेक जंतू मेले, एखादा चिवट वाचला आणि त्याचीच पिलावळ माजली. हे खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे प्रकाशात आणणाऱ्यांत लंडनच्या जिवाणूशास्त्रज्ञ नाओमी दत्ता यांचे नाव फार वरचे आहे. (आडनाव लग्नानंतरचे. पती प्रकाश दत्ता हे जीवरसायनशास्त्रज्ञ. तरीही भारतात त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही, याचे आश्चर्य वाटते.)

गोष्टीची सुरुवात जपानमध्ये होते. महायुद्धानंतर तिथे हगवणीवर सल्फा औषधांचा सढळ वापर झाला आणि ती निकामी ठरू लागली. मग नवी प्रतिजैविके आली. 1955 मध्ये हाँगकाँगहून परतलेल्या एका स्त्रीच्या शौचाच्या नमुन्यात एकाच वेळी चार औषधांना पुरून उरणारा शिगेला हा हगवणीचा जंतू सापडला. स्वतंत्रपणे चार उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांतले अचानक बदल, एकाच पेशीत होणे जवळपास अशक्य. अकिबा आणि ओचिआई या जपानी संशोधकांनी 1959 मध्ये दाखवून दिले की हा प्रतिकार एका जंतूकडून दुसऱ्याकडे थेट जातो. मात्र हे लेखन जपानी भाषेत होते. त्सुतोमु वातानाबे यांचा इंग्रजी आढावा 1963 मध्ये आला, तेव्हा कुठे पाश्चात्त्य जगाला त्याचा नीट पत्ता लागला.

दत्ता तेव्हा हॅमरस्मिथ रुग्णालयात काम करत होत्या. 1959 मध्ये तिथे साल्मोनेला टायफिम्युरियम या पोट बिघडवणाऱ्या जंतूची साथ आली. जमवलेल्या नमुन्यांतले बहुतेक जंतू औषधांनी मरणारे होते. काही थोडे मात्र स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि सल्फा यांना दाद देत नव्हते. एकाच साथीत, एकाच प्रकारच्या जंतूत हा फरक कुठून आला?

याचा छडा लावण्याची चाचणी दिसायला अगदी साधी असते. प्रतिकारक साल्मोनेला आणि औषधाला बळी पडणारा ई. कोलाय हा आतड्यातला जंतू एकाच द्रवात रात्रभर वाढवायचे, मग ते मिश्रण औषध घातलेल्या मॅककाँकी अगारच्या (जंतू वाढवण्याच्या घट्ट खाद्याच्या) थाळीवर पसरायचे. ई. कोलाय दुधातली साखर वापरतो, म्हणून त्याच्या वसाहती गुलाबी दिसतात. साल्मोनेलाच्या फिक्या राहतात. औषध असलेल्या थाळीवर गुलाबी ठिपके उगवले, म्हणजे रात्रीतून प्रतिकार एका जातीतून दुसरीत गेला. साथीतल्या जंतूंचा प्रतिकार असाच पसरतो हे सांगणारा दत्ता यांचा निबंध 1962 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिकार वाहून नेणाऱ्या या डीएनएच्या सुट्या कड्यांनाच आपण प्लाझ्मिड म्हणतो.

पुढे 1965 मध्ये पॉलिक्सेनी कोंटोमिखालू यांच्यासह त्यांनी पेनिसिलिन फोडणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) जनुक प्लाझ्मिडवर असल्याचे दाखवले. अथेन्समधल्या टेमोनिएरा नावाच्या रुग्णावरून त्याला ‘टेम’ म्हणतात, आणि जगभरच्या प्रयोगशाळांच्या अहवालांत हे नाव आजही येते. ट्रायमेथोप्रिम या जंतुनाशक औषधाचे प्रकरण मला त्याहून बोलके वाटते. हे औषध निसर्गातले नव्हे, रसायनशाळेत घडवलेले. तरी ते ब्रिटनमध्ये वापरात आल्यावर काही वर्षांतच, 1972 मध्ये, त्याचा प्रतिकार वाहणारा प्लाझ्मिड सापडल्याचे दत्ता आणि सहकाऱ्यांनी नोंदवले. माणसाने बनवले म्हणून जंतू गोंधळून जातात, ही समजूत तिथेच निकालात निघाली.

दरम्यान रॉबर्ट हेजेस यांच्यासह त्यांनी प्लाझ्मिडांची वर्गवारी लावली. एकाच गटातले दोन प्लाझ्मिड एका पेशीत फार काळ नांदत नाहीत, हा तिचा पाया. त्यातल्या ‘डब्ल्यू’ गटाचे नाव वातानाबे यांच्यावरून पडले.

सर्वांत सुंदर प्रश्न त्यांनी निवृत्तीच्या उंबरठ्यावर विचारला. हे प्लाझ्मिड प्रतिजैविकांमुळे जन्मले की आधीपासून होते? उत्तरासाठी जुने जंतू हवेत. ई. जी. डी. मरे या जिवाणूशास्त्रज्ञाने 1917 पासून 1954 पर्यंतचे शेकडो आतड्यातले जंतू बंद नळ्यांत जपून ठेवले होते. व्हिक्टोरिया ह्यूज आणि दत्ता यांनी ते तपासले. 1983 मधील निष्कर्ष असा: सुमारे चौथाई जंतूंत दुसऱ्या पेशीत जाऊ शकणारे प्लाझ्मिड होते, पण त्यांवर प्रतिजैविकांचा प्रतिकार नव्हता. म्हणजे वाहने आधीपासून फिरत होती, माल आपण औषधे वापरू लागल्यावर चढला.

दत्ता 2008 मध्ये वारल्या. त्याच वर्षी स्वीडनमध्ये, नवी दिल्लीत उपचार घेतलेल्या एका रुग्णाच्या नमुन्यात कार्बापेनेम या राखीव ठेवल्या जाणाऱ्या प्रभावी प्रतिजैविकांनाही फोडणारे एनडीएम-1 (‘एनडी’ म्हणजे न्यू डेल्ही) हे विकर आढळले. त्याचे जनुक प्लाझ्मिडवर होते. दिल्लीचे नाव लागल्यामुळे आपल्याकडे मोठा गदारोळ झाला, आणि त्या आरडाओरड्यात हे जनुक एका जातीतून दुसरीत जाते ही खरी चिंतेची बाब मागे पडली. असे प्लाझ्मिड ओळखताना प्रयोगशाळा आजही त्यांचा गट नोंदवतात, तो दत्ता आणि हेजेस यांनी रुळवलेल्या त्याच पद्धतीच्या नावांनी.