थंड रोटरी फटफटली म्हणजे सील गेले असं नाही

साताऱ्यात गाड्यांच्या गप्पांत माझदाच्या आरएक्स-७ चा, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या रोटरी इंजिनाच्या गाडीचा, विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतंच: थंड असताना फटफटते, म्हणजे रोटरच्या टोकाचे सील (वायू गळू न देणाऱ्या पट्ट्या) गेले. हे चूक आहे. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं काही क्षण एकदमच उघडी राहतात, त्यामुळे आयडलिंगला जळका वायू ताज्या मिश्रणात मिसळतो. त्यात थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ते जास्त सोडलेलं असतं. एखादी ठिणगी वाया जाते आणि न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पेटतं. तोच हा आवाज! २००३ च्या आरएक्स-८ मध्ये एक्झॉस्टची तोंडं बाजूच्या भिंतीत नेली आणि दोन्ही तोंडं एकदम उघडी राहण्याचा हा ओव्हरलॅप संपला.

सील झिजल्याची खूण वेगळी: गरम इंजिन पुन्हा चालू व्हायला त्रास देतं. तेव्हा रोटरच्या तिन्ही बाजूंचं कॉम्प्रेशन मोजा. नुसत्या आवाजावरून इंजिन खोलू देऊ नका.