मीठ दोघांचं खाल्लेलं: वारसाहक्काच्या भांडणातला नाइट

‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ पाहिलेल्यांना सर क्रिस्टन कोल नव्याने सांगायला नको. आधी राजकन्या रेनिराचा अंगरक्षक, नंतर तिला डावलून तिच्या सावत्र भावाच्या डोक्यावर मुकुट ठेवणारा. मालिकेत या फितुरीचं मूळ बरंचसं त्याच्या दुखावलेल्या मनात दाखवलंय. मला ते तोकडं वाटतं. वारसाहक्काच्या भांडणात सापडलेला नाइट फँटसीत पुन्हापुन्हा भेटतो, पण त्याची खरी कोंडी बाराव्या शतकातल्या इंग्लंड-नॉर्मंडीतली (नॉर्मंडी म्हणजे उत्तर फ्रान्समधला प्रांत), आणि तिथे प्रेमापेक्षा जमिनीचा प्रश्न मोठा होता.

२५ नोव्हेंबर ११२० च्या रात्री नॉर्मंडीच्या किनाऱ्याजवळ ‘व्हाइट शिप’ नावाचं जहाज बुडालं आणि इंग्लंडचा राजा पहिल्या हेन्रीचा एकुलता एक औरस मुलगा गेला. उरली मुलगी, मटिल्डा. हेन्रीने ११२७ साली सरदारांकडून तिलाच वारस मानण्याची शपथ वदवून घेतली. १ डिसेंबर ११३५ ला हेन्री वारला आणि महिना उलटायच्या आत त्याचा भाचा स्टीफन राज्याभिषेक करून मोकळा झाला. शपथ त्यानेही घेतली होती. पुढची भाऊबंदकी ११५३ पर्यंत चालली. मालिकेचे मूळ लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ड्रॅगनवाल्या यादवीमागे हीच यादवी आहे.

आता नाइटच्या जागी उभं राहून पाहा. त्याला जमीन मिळते धन्याकडून, त्या बदल्यात तो लढाईला घोडा आणि चिलखत घेऊन हजर राहतो. आपल्याकडच्या शब्दांत शिलेदार म्हणता येईल, फक्त करार शपथेचा. अनेकदा एकाच माणसाची जमीन दोन-तीन धन्यांकडून आलेली असे. धनी एकमेकांशी भांडत नसतील तोवर ठीक. भांडले, की खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे कुणाच्या? त्यात वारसाचा नियमही पक्का ठरलेला नव्हता. मुलगी गादीवर बसू शकते का, धाकटा भाऊ आधी की मेलेल्या थोरल्या भावाचा मुलगा, याची उत्तरं प्रांतागणिक वेगळी.

या सगळ्याचा चालताबोलता दाखला म्हणजे विल्यम मार्शल. त्याचं चरित्र सांगणारं सुमारे १९ हजार ओळींचं जुन्या फ्रेंचमधलं काव्य त्याच्या मृत्यूनंतर लगेचच्या वर्षांत लिहिलं गेलं. अर्थात ते घरच्यांनी लिहून घेतलेलं, त्यामुळे नायकाला झुकतं माप आहेच. तरी त्यातला ११५२ चा प्रसंग विसरता येत नाही. न्यूबरीचा किल्ला मटिल्डाच्या पक्षातल्या जॉन मार्शलकडे होता आणि स्टीफनने वेढा घातला. जॉनने तह मागितला, पाच-सहा वर्षांचा विल्यम ओलीस दिला आणि मिळालेल्या सवडीत किल्ल्यात रसद भरून घेतली. पोराला फासावर देईन, असा निरोप आला तेव्हा बाप म्हणाला, याहून सरस पोरं घडवायला हातोडा आणि ऐरण माझ्याकडे आहेत. स्टीफनच्याने ते झालं नाही. काव्यात पुढे दिसतं ते असं: तंबूत राजा आणि ओलीस पोर समोरासमोर बसलेत, हातात रोपांचे देठ, देठावर देठ आपटून कुणाचा ‘नाइट’ आधी मोडतो हे बघतायत. विल्यम पहिला डाव जिंकतो.

हा चौथा मुलगा, म्हणजे वाट्याला जमीन शून्य. नाइट झाल्यावर पहिल्याच मोठ्या झटापटीत घोडा गेला, तेव्हा झगा विकून दुसरा घ्यावा लागला. पुढे तो मटिल्डाचा मुलगा, राजा दुसरा हेन्री, याच्या थोरल्या मुलाच्या पदरी लागला, आणि ११७३ साली त्या मुलाने बापाविरुद्ध बंड केलं तेव्हा विल्यम मुलाच्या बाजूने होता. ११८९ मध्ये तो म्हाताऱ्या हेन्रीकडे, समोर हेन्रीचा बंडखोर मुलगा रिचर्ड. फ्रान्समधल्या ल मांसजवळ पाठलागात रिचर्ड चिलखताशिवाय त्याच्यासमोर आला. विल्यमने भाला वळवला आणि घोडा मारला, स्वार सोडला. महिन्याभरात हेन्री वारला आणि तोच रिचर्ड राजा झाला. त्याने सूड घेतला नाही. उलट मोठ्या जहागिरीची वारसदार इझाबेल द क्लेअर हिच्याशी विल्यमचं लग्न लावून दिलं. धन्यासाठी राजपुत्रावर भाला उचलणारा माणूस आपल्याकडे असलेला बरा, असा हिशेब असावा.

११९९ मध्ये रिचर्ड निपुत्रिक गेला. धाकटा भाऊ जॉन की मधल्या भावाचा मुलगा आर्थर? फ्रान्समधल्या आंजू प्रांताच्या सरदारांनी आर्थरला धरलं. विल्यमचं म्हणणं, बापाच्या जमिनीला नातवापेक्षा मुलगा जवळचा. कँटरबरीचा आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टरने याचा पस्तावा होईल असं बजावलं, आणि जॉनची कारकीर्द बघता तो चुकला म्हणता येत नाही. १२०५ मध्ये विल्यमने, फ्रान्सच्या ताब्यात गेलेल्या नॉर्मंडीतली आपली जमीन राखायला, फ्रान्सच्या राजालाही शपथ दिली आणि मग जॉनच्या बाजूने त्याच्याशी लढायला नकार दिला. जॉन संतापला. दोन शपथांची कोंडी याहून नागडी कुठे दिसत नाही. तरी १२१६ मध्ये जॉनच्या मागे नऊ वर्षांच्या राजाचा कारभार सत्तरीच्या विल्यमनेच हाती घेतला, आणि पुढच्या वर्षी लिंकनच्या लढाईत स्वतः घोड्यावर बसला.

तो १२१९ मध्ये वारला. लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये पुरलंय. त्याला पाच मुलगे होते. पाचही एकामागून एक जहागिरीवर आले आणि एकालाही औरस मुलगा झाला नाही. १२४५ मध्ये शेवटचे दोघे गेले, आणि हातोडा-ऐरणीची शेखी मिरवणाऱ्या जॉनच्या नातवांची जहागीर पाच बहिणींच्या वारसांत वाटली गेली.